नसलेल्या अपघाताला आलेला डबा

नांदेडच्या ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, अकाउंट हॅक झालं. खरं म्हणजे किल्ली मीच काढून दिली होती. किनवटच्या एका ओळखीच्या माणसाच्या नावानं सकाळी मेसेज आला: मुलीला चित्रकलेच्या स्पर्धेत मत द्या, तुम्हाला येईल तो कोड कळवा. मी कोड कळवला आणि मीटिंगला जाऊन बसलो. दुपारी बाहेर आलो, तोवर माझ्या नावानं सगळ्या ओळखीच्यांना निरोप गेला होता: अपघात झालाय, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, ताबडतोब पैसे पाठवा.

एकेकाला फोन करत सुटलो. थोरली बहीण, आक्का, चाकूरजवळच्या खेड्यात राहते. तिचा फोन दाजींनी उचलला. माझा आवाज ऐकून ते म्हणाले,

"तुला तर बोलता येत न्हाई म्हणून लिवलंय की."

"ते मी लिहिलेलं नाही, दाजी. पैसे पाठवू नका."

"पैशाचं सोड. तुझी आक्का निघाली सकाळच्याच यष्टीनं. मोबाईल घरीच इसरली. बीपीची गोळी बी हितंच हाय."

दवाखान्यात पोचेपर्यंत मला एकच दिसत होतं: आक्का एकेका खाटेवर माझं तोंड शोधतेय आणि कुठंतरी चक्कर येऊन पडलीय. अपघात विभाग पाहिला. दोन वॉर्ड पाहिले. तिसऱ्या वॉर्डाच्या दारात ती दिसली. काखेत डबा धरून एका सिस्टरला माझं वर्णन सांगत होती.

"डोक्याला टक्कल हाय बघा. जरा सुटलाय पोटानं."

मी हाक मारली. तिनं आधी माझे पाय पाहिले, मग डोक्यावरून हात फिरवला.

"शाबूत हायस की रे. मग ॲडमिट कोन हाय?"

"कुणीच नाही, आक्का."

बाहेरच्या बाकड्यावर बसवून, पाणी देऊन तिला सगळं सांगितलं, कोडसकट. ती गालातल्या गालात हसली.

"हापिसात लोकायला शिकवतोस म्हणं काँप्युटर."

"तू पैसे का नाही पाठवलेस?"

"मानूस दवाखान्यात असल्यावर पैशे पाठवून घरी कोन बसून ऱ्हातं? जावं लागतं."

तिनं टोमणा मारला नव्हता, हे मला ठाऊक आहे. मागल्या वर्षी लातूरला दाजींचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी खुर्चीत बसूनच पैसे पाठवले होते. काम फार आहे, असं कळवलं होतं. रजा शिल्लक होती. हे मी तिला आतापर्यंत कधी बोललो नव्हतो. त्या बाकड्यावर बोललो.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आधी जेव. वरण निवून राहिलंय."

अपघातातल्या माणसाला चावता येणार नाही म्हणून तिनं मऊ भात आणला होता. दोघांनी तो एकाच डब्यातून खाल्ला. मला इतकं हलकं वाटत होतं, की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

सायबर पोलिसांकडं तक्रार दिली, आणि परतीच्या यष्टीत तिच्याशेजारी मीही बसलो. दाजी ओट्यावर वाट पाहत होते.

"पेशंट चालत आला की," ते म्हणाले, आणि बसायला सरकून जागा दिली.