पंचफुलाची अर्धी भाकर

त्या दिवशी दुपारी चार वाजता मी पंचफुलाचे, माझ्या बायकोचे, पाय पाहिले. रोजचंच काम होतं ते. साखरेच्या आजारानं तिच्या तळपायाची जाणीव गेली होती, खिळा रुतला तरी कळायचं नाही. म्हणून ओट्यावर उजेडात बसायचं, तिचा पाय मांडीवर घ्यायचा, बोटांच्या बेचक्यात कुठं फोड आहे का, चीर आहे का ते पाहायचं आणि खोबरेल तेल लावायचं. मी वायरमन. बाभुळगावात घराघरांतलं वायरिंग करण्यात जन्म गेला, बारीक जागा धुंडाळायची सवय आहे. "नीट पाहा जी, बोर्ड उघडल्यासारखं करू नका," ती म्हणाली. मी म्हणालो, "बोर्ड बरा, तो तोंड तरी नाही चालवत." हसली. मग विचारलं, "प्रज्ञानं दुपारी किती खाल्लं?" प्रज्ञा आमची नात, मुलगी शीलाची पोरगी. पुसदला दिली आहे, पहिल्या बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. शीलाचं घर मागच्याच गल्लीत, पण जागा अपुरी, म्हणून पोरगी आमच्याकडं होती. मी म्हणालो, "एक भाकर खाल्ली." "दोन देत जा. नाही म्हणन तरी द्या." एवढं बोलून ती आत जाऊन आडवी झाली. साडेपाचला चहासाठी उठवायला गेलो... उठली नाही.

दीड महिना झाला याला. माणूस गेलं की लोक त्याला देव करून टाकतात. मी चौथी शिकलेला माणूस, मला तसं लिहिता येत नाही. पंचफुला जिभेची तिखट होती, हट्टी होती आणि जन्मभर काडीसारखी बारीक होती. चाळिशीतच तिला साखर निघाली तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, "साखर ढेरीवाल्या शेठ लोकांले होते, तुले कशी होईन? मशीन बिघडली असन." वर्षभर मी तसंच म्हणत राहिलो आणि ती साखरेचा चहा पीत राहिली. राशनचा पांढरा तांदूळ दोन वेळा, वर तो चहा, हेच आमचं जेवण. पन्नाशीत तिचे केस पांढरे, दात हललेले, दम लागायचा. एकदा यवतमाळच्या बसमध्ये कंडक्टर मला म्हणाला, "काका, जरा सरका, आजीले बसू द्या." ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि घरी आल्यावर त्या कंडक्टरच्या सात पिढ्या काढल्या.

मागच्या वर्षी शीलालाही साखर निघाली. चाळिशीच्या आतच. तेव्हा मायलेकींना घेऊन यवतमाळला एका डॉक्टर बाईंकडं गेलो. तरुण बाई, पण घाई नव्हती तिला. शीलाचं रक्त घ्यायला दुसऱ्या खोलीत नेलं तेव्हा तिनं पंचफुलाला विचारलं, "आई, तुम्ही पोटात होता तेव्हा तुमच्या आईला पोटभर खायला मिळायचं का?" पंचफुला म्हणाली, "कुठचं जी? त्या सालात ज्वारीच नाही पिकली. माय सांगे, अंबाडीचा पाला उकडून खाल्ला तवा तू झाली." मग बाईंनी सांगितलं. आईबापाकडून अंगात जे येतं ते बदलत नाही, पण त्यातलं काय चालू राहील अन् काय बंद राहील, यावर खाण्याचा परिणाम होतो. पोटात असताना अन्न कमी पडलं तर शरीर काटकसर शिकतं, आणि पुढं खायला मिळालं तरी जुन्याच सवयीनं चालतं. त्यातून साखर येऊ शकते, माणूस लवकर थकू शकतो. मी विचारलं, "म्हणजे वायरिंग तेच, पण बटनं येगळी दाबल्या गेली?" बाई हसल्या. "तसंच समजा. पण यांच्या बाबतीत एवढ्या एकाच कारणानं झालं असं मी म्हणणार नाही. पुढचं खाणंपिणंही असतं, काळजी असते, बरंच काही असतं." "मंग ते बटनं परत फिरतेत का?" "काही फिरतात, काही अडकून बसतात. आपल्या हातात आजचं ताट आहे, बाबा."

बसमध्ये पंचफुला खिडकीबाहेर पाहत बसली. शीला मागच्या सीटवर झोपली होती. मग पंचफुला हळूच म्हणाली, "आपण शीलाले अर्ध्या भाकरीवर ठेवलं..." मला लगेच समजलं. माझ्या मायची शिकवण होती ती, आणि आमच्याकडं बहुतेक घरांत हेच चाले. पोटुशी बाईनं सातव्या महिन्यापासून अर्धपोटी राहायचं. पोर पोटात वाढलं तर निघायला अडतं, लहान राहिलं तर बाई सुखानं मोकळी होते. पंचफुलानं स्वतः तसं केलं, शीला लहानशी जन्मली. मग शीला पोटुशी होऊन आमच्याकडं आली तेव्हा पंचफुलानं तिला मोजून अर्धी भाकर दिली. एका दुपारी शीलानं दुसरी भाकर घेतली होती. मी... मी तिच्या ताटातून ती उचलली. म्हटलं, "खाऊन खाऊन पोटातच अडकवशीन का?" प्रज्ञा झाली तेव्हा माझ्या दोन तळहातांवर मावली, आणि आम्ही म्हणालो, पाहा, किती सहज झाली.

पंचफुला त्याच संध्याकाळी शीलाकडं गेली. मी मागं मागं. शीला डाळ निवडत होती. हिनं प्रस्तावना नाही, काही नाही, उभ्या उभ्या सांगितलं, "तू पोटुशी होती तवा मी तुले उपाशी ठेवलं. चुकलं माहं." शीलानं डाळीचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "माय, मी रोज पाणी पिऊन निजो. तुमी दोघं जेवत असा तवा वास ये... आता कायले सांगून राह्यली?" पंचफुला म्हणाली, "प्रज्ञाची पाळी येईन तवा मी असन का नसन, म्हणून." मी दारात उभा होतो. मलाही बोलायचं होतं. बापानं लेकीला असं कसं म्हणायचं, ते मला आलं नाही. मी म्हणालो, "चाल, उशीर झाला." आणि निघालो.

त्या दिवसापासून तिनं घराचं जेवण फिरवलं. तांदूळ कमी, ज्वारीची भाकर, डाळ, अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी. साखरेचा डबा तिनं शेजारी देऊन टाकला. मी कुरकुर केली की म्हणे, "तुमाले साखर पायजे असन तर वायरमन लोकाईच्या संघटनेत अर्ज द्या." तिचं स्वतःचं आता फार सुधरणार नव्हतं, मूत्रपिंडं दमली होती, ते तिला माहीत होतं. पण प्रज्ञा आली आणि ही जणू ड्युटीवर लागली. अंडं, शेंगदाणे, दोन भाकरी, वाटीभर डाळ. पोरगी म्हणे, "आजी, मी फुटन आता." ही म्हणे, "फुट, पण खाऊन फुट."

ती गेली त्या संध्याकाळी सगळं झटपट झालं. माणसं आली, वंदना झाली, रात्री नऊपर्यंत मातीही झाली. माझी मोठी बहीण जनाबाई आली, तिनं कारभार हातात घेतला. घरात मयत झाली की तीन दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारचे जेवण आणतात. आम्ही बौद्ध, आमच्यात सुतक नाही, पण ही रीत सुटली नाही. शेजारून खिचडी आली. प्रज्ञानं ताटाला हात लावला नाही. रडून रडून डोळे सुजले होते. "भूक नाही," म्हणाली. कोणी आग्रह केला नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी उठलो आणि गॅस पेटवला. जन्मात भाकर केली नव्हती. पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं, हात पोळला. जनाबाई उठून आली. "काय करून राह्यला रे? आज चूल पेटवत नाहीत, लोक काय म्हणतीन!" मी म्हटलं, "बाई, पोरगी कालपासून उपाशी हाय. घरात मयत झाली हे पोटातल्याले कोण सांगन?" तिनं पिठाची परात माझ्याकडं सरकवली. मग अंडी उकडली. पहिली भाकर तव्यावरच तुटली, दुसरी जळाली, मग दोन बऱ्या झाल्या. त्या दोन आणि अंडी प्रज्ञापुढं ठेवली. म्हटलं, "तुह्या आजीचा हुकूम हाय, दोन." तिनं पहिला घास घेतला तेव्हा मी तवा पाहत उभा राहिलो, तिच्याकडं पाहणं झालं नाही. पण तिनं खाल्लं. दोन्ही खाल्ल्या.

शीला कधी आली कळलं नाही. दारात उभी होती. लेकीकडं पाहत होती, मग माझ्याकडं पाहिलं. आत येऊन खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मलेही वाढा."

जळालेली उरली होती. मी म्हटलं, "थांब, दुसरी टाकतो. ही नको खाऊ."

"ती होईपर्यंत ही खातो," ती म्हणाली आणि हात पुढं केला. मी अख्खी दिली.