कॅमच्या चकतीवरची पांढरी खूण

गॅरेजवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आधी कोणी हात लावला होता?" गाडीला काय झालंय ते नंतर. जवळा बाजार गावात गॅरेज टाकल्यापासून मीही हा प्रश्न रोज विचारतो, आणि खरं सांगायचं तर मजेनं विचारतो. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात जे सुख आहे ते चहातसुद्धा नाही.

त्या दिवशी शेजारच्या हट्टा गावचे एक गुरुजी आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. मी नेहमीचा प्रश्न टाकला.

"तुमच्या उस्तादानं," गुरुजी म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी विरलं. हट्ट्याच्या उस्तादांकडं मी सहा वर्षं राबलो होतो. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांचंच.

"मागच्या आठवड्यात टायमिंगचा पट्टा बदलला त्यांनी. तवापासून गाडी उभी असली की थरथर करून राहिली. पळताना तेवढं कळत न्हाई, पन चढ आला की दम सोडती. दोनदा नेली. त्यांनी प्लग बदलले, नळ्या पाहिल्या. परवा किल्लीच माझ्या हातात दिली अन् म्हणले, दुसरीकडं दाखवा, मला आता जमत न्हाई." मग गुरुजींनी आवाज खाली आणला. "डोळे गेले वो त्यांचे. समदे म्हणून राहिले."

उस्तादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं हे मला माहीत होतं. लोक बोलतात हेही माहीत होतं. लोकांचं मी फार मनावर घेत नाही. पण 'मला जमत नाही' हे वाक्य उस्तादांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. जो माणूस बंद पडलेला ट्रॅक्टरही भांडून भांडून सुरू करायचा, तो स्वतःच हार मानून बसला होता.

मी गाडी सुरू करून बॉनेटवर तळवा ठेवला. एखादा सिलिंडर मारत नसेल तर इंजिनाचं लंगडणं ठेक्यात असतं. हिच्या लंगडण्याला ठेकाच नव्हता. प्लगची एकेक वायर काढून पाहिली. कुठलीही काढली तरी इंजिन सारखंच मंदावत होतं. म्हणजे चारही सिलिंडरांची एकच तक्रार. हवा कुठून गळत असेल म्हणून नळ्यांच्या सांध्यांवर फवारा मारला, आवाज बदलला नाही. आता टायमिंगच उरलं होतं आणि मला ते झाकण उघडायचं नव्हतं. एखादा पाइप फाटलेला निघू दे, असं मी मनात चक्क देवाला विनवत होतो.

शेवटी झाकण उघडलं. खाली क्रँकची चकती, वर कॅमची, आणि दोन्हींना एका चालीत ठेवणारा दातेरी पट्टा. चकत्यांवर कंपनीनं पाडलेल्या बारीक खाचा असतात, त्या जुळवूनच पट्टा चढवायचा. खालची खाच बरोबर होती. वरची एक दात पुढं गेली होती. त्या एका दातासाठी गाडी आठवडाभर थरथरत होती.

पण खाचेच्या शेजारी, बरोबर त्या चुकीच्या दातावर, पांढऱ्या रंगाची खूण होती. एक आडवी रेघ आणि खाली टिंब.

ती खूण माझी होती. उस्तादांकडं असताना याच गाडीचा पाण्याचा पंप मी बदलला होता. त्यासाठी पट्टा उतरवावा लागला. इंजिन जिथं थांबलं होतं तिथंच मी खाली-वर रंगाच्या खुणा केल्या आणि काम झाल्यावर त्यांच्यावरच पट्टा परत चढवला. तसल्या खुणा त्या दिवसापुरत्या असतात. म्हणून उस्ताद प्रत्येक कामानंतर विचारायचे, "खूण पुसली का?" त्या दिवशीही विचारलं असणार आणि मी बेधडक 'हो' म्हणालो असणार. खालची पुसली होती, वरची राहिली, आणि आता पट्टा खाचेऐवजी तिच्यावरच जुळवला गेला होता.

पट्टा बरोबर बसवला. गाडी इतकी शांत झाली की गुरुजींनी सुरू आहे का म्हणून विचारलं. आता पेट्रोलचा बोळा एकदा त्या खुणेवरून फिरवला की काम संपलं असतं. उस्तादांनी टाकलेली गाडी मी दुरुस्त केली, हे गुरुजींनीच गावभर सांगितलं असतं. बोळा माझ्या हातात होता. त्या दोन मिनिटांची मला अजून लाज वाटते.

"चला, हट्ट्याला जाऊ," मी म्हणालो.

"काहून? झाली की बराबर!"

"एक काम राह्यलं माझं."

उस्ताद पान्यांची पेटी बंद करून बाजेवर बसले होते. गाडी दारात थांबली तशी त्यांनी मान कलती करून ऐकलं.

"एक दात होता ना?" ते म्हणाले. "मला दिसलाच न्हाई. बस झालं आता."

मी गाडी बंद केली, झाकण परत काढलं, त्यांचा हात धरून बोट त्या रंगावर टेकवलं, आणि गुरुजींना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही खूण माझी हाय, उस्ताद. पंप बदलला तवाची. पुसायची राह्यली."

मी शिवी खायच्या तयारीत होतो. त्यांचं बोट रेघेवरून टिंबावर गेलं.

"माईत हाय," ते म्हणाले. "खाच दिसत नव्हती, ते खरं हाय. पन ही दिसली. म्हणलं आपल्या पोराची खूण हाय, बराबरच असंल."

मला गुरुजींच्या देखत रडू फुटलं. उस्तादांनी खांद्यावरचं फडकं माझ्याकडं फेकलं. "घे. पूस आता."

मी पुसली. मग त्यांनी पेटी उघडून स्वतःचा पाना काढला आणि झाकण बसवायला वाकले. मी मोबाइलचा उजेड धरला, तर माझा हात बाजूला सारत म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. बोल्ट मोजून दे मला."

मी एकेक बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवत गेलो.