ऑर्टविन करून मिळेल

मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारं आमचं वर्कशॉप आहे. तिथं किस्से सांगायला म्हणून कुणी बसत नाही. एखादा पार्ट यायचा असतो, तोवर चहा येतो, आणि चहाबरोबर कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशी ऑर्टविनचं काय झालं, कळलं का?" झालं! मी काउंटरवर बसते, त्यामुळे हात कामात असले तरी कान रिकामेच. आता माझ्याकडे स्पेअर पार्ट कमी आणि ऑर्टविनच जास्त साठलाय.

हो, ऑर्टविन. आमचा हेड मेकॅनिक. जन्म रत्नागिरीचा, शिमग्याला पालखी नाचवणारा, बांगड्याच्या तिखल्यावर जीव टाकणारा आणि नाव मात्र जर्मन! नवीन गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं. मी मान हलवते. म्हणजे हो, हेच खरं नाव.

* * *

याला कारण अण्णा, त्याचे वडील. अण्णा तरुणपणी जर्मन बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलमन होते. मुलगा झाल्याची खबर बोटीवर पोचली तेव्हा अण्णांची ड्युटी चालू होती. चीफ इंजिनियरनं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाला, "तू जा, घरी बोल. तुझी वॉच मी करतो."

चीफ माणूस ऑइलमनची वॉच करतो! अण्णा विरघळले. तिथल्या तिथं शब्द देऊन बसले, "साहेब, पोराला तुमचंच नाव."

पुढच्या बंदरातून शेजाऱ्यांकडे फोन आला. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्यानं ते नाव फोनवर दोनदा ऐकलं, वाटेत पुटपुटत आली आणि पाळण्यापाशी पोचेपर्यंत विसरली! आता कुर्रर्र तर करायलाच हवं. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि पाठीत धपाटे खाऊन उठली.

सगळ्यांनी विचारलं, "काय ठेवलंस गो?"

आत्या म्हणाली, "मी त्याला सांगितलंय, बापूस आला की तो सांगेल!"

* * *

अण्णांना त्या नावाचा भारी अभिमान. वर्कशॉपला आले की नवीन माणसाला धरून अर्थ सांगायचे. चीफनंच त्यांना समजावलेला. "जुनं नाव हाय वो. ऑर्ट म्हणजे भाल्याचं टोक. विन म्हणजे मित्र. भाल्याच्या टोकाचा मित्र! लढवय्या माणूस!"

एकदा हे चालू असताना लढवय्या माणूस एका इंजिनाखाली आडवा पडला होता. वरून सगळं ऑइल त्याच्या तोंडावर आलेलं.

आमचे मालक दाजी वाकून म्हणाले, "अण्णा, भालाबिला राहू दे. तुमच्या लढवय्याला जरा फडकं द्या!"

* * *

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत जर्मन पंप बंद पडला. कुणीतरी आमचं नाव सुचवलं. दाजींनी फोनवर सांगितलं, "उद्या ऑर्टविनला पाठवतो."

दुसऱ्या दिवशी गेटवर पुष्पगुच्छ! मॅनेजर कोट घालून उभे. ऑर्टविन एसटीतून उतरला, पत्र्याची टूलबॉक्स घेऊन. वॉचमननं त्याला बाजूला घेतलं, "जरा थांब. मोठे साहेब यायचेत."

हा बिचारा थांबला. बराच वेळ सगळे साहेबांची वाट बघत राहिले, आणि साहेबही त्यांच्यातच उभा राहून वाट बघत राहिला! शेवटी त्यानंच विचारलं, "कोण यायचेत?"

पंप त्यानं तासाभरात चालू केला. पण जेवण आधीच ठरलेलं होतं. उकडलेला फ्लॉवर, उकडलेलं गाजर, वर मिरपूड. शेजारच्या टेबलावर कामगार सुरमईचं कालवण भुरकत होते. मॅनेजर आग्रहानं म्हणाले, "घ्या ना, खास तुमच्यासाठी बनवलंय."

परत आल्यावर मी विचारलं, "कसं झालं काम?"

"काम बरं झालं ताई. पण आईनं माझं नाव सदानंद ठेवलं असतं तर आज सुरमई मिळाली असती!"

* * *

एक खरं सांगते. त्याच्या हातचं इंजिन कधी भर समुद्रात दगा देत नाही. तो नुसता बिघाड काढत नाही. सगळं खोलतो, धुतो, पुसतो, आणि जोडण्याआधी एकेक तुकडा कानाशी धरून वाजवून बघतो. त्यामुळे बंदरात म्हणायची पद्धतच पडली, "औंदा इंजिन ऑर्टविन करून घेतलं." ओव्हरहॉल हा शब्द मिरकरवाड्यातून केव्हाच हद्दपार झालाय.

एकदा हर्णैकडचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आला. काउंटरवर हात ठेवून म्हणाला, "बाय, इंजिन ऑर्टविन करायचंय. तुमच्याकडे करतात ना?"

मी म्हटलं, "करतात. तो काय, ऑर्टविन चहा पितोय."

तांडेल थक्क! त्यानं जवळ जाऊन त्याला नीट निरखलं आणि म्हणाला, "अरे वा! कामावरून नाव पडलं वाटतं!"

* * *

मग एका दुपारी दाजींनी इंटरनेटवर शोध लावला. जर्मनीत ऑर्टविन आहेत तरी किती? बघतात तर जो सापडतो तो पांढऱ्या केसांचा. कुणी रिटायर मास्तर, कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आजोबा. तरुण एकही नाही. हल्ली तिकडे हे नाव कुणी ठेवतच नाही म्हणे.

ऑर्टविनचा चेहरा उतरला. चाळिशी जवळ आली तरी तो स्वतःला तरुण समजत होता!

दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कंपनीनं मॉडेल बंद केलंय रे. तुझे पार्ट आता मिळायचे नाहीत. जपून चाल!"

* * *

हसतो आम्ही, पण या नावापायी त्याचं लग्न अडलं होतं. स्थळ यायचं, फोटो पसंत पडायचा, पत्रिका जुळायची, आणि नाव वाचलं की फोन बंद. कुणाला वाटायचं धर्म बदललाय, कुणाला वाटायचं काहीतरी लपवताहेत. मी म्हटलं, "अरे, बदलून टाक की नाव!" तर म्हणाला, "ताई, अण्णांनी शब्द दिलाय. आणि मलाही ते आवडतं वो. दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मी वळणारसुद्धा नाही."

शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा अण्णांनी गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरव म्हातारा, आवाज खणखणीत. नारळ हातात घेऊन सुरू झाला, "बा देवा म्हाराजा!"

सगळे, "होय म्हाराजा!"

"ह्या घरचा लेक, त्याचं लगीन जमत नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्या लेकाचं नाव..." गुरव थांबला. अण्णांकडे बघितलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आणि मग एका दमात म्हणाला, "बा म्हाराजा, नाव काय माझ्या तोंडात बसत नाय! पण घर तुला ठावं हाय, पोरगा तुला ठावं हाय, तूच काय तो बघून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्यानं ऑर्टविनच ओरडला.

* * *

देवानं बघितलं. संगमेश्वरची मानसी. मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. बघण्याच्या कार्यक्रमाला दाजींबरोबर मीही गेले होते. तिच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, सुरुवातच केली, "नाव जरा अवघड आहे हो!"

मानसी चहाचा ट्रे ठेवत म्हणाली, "बाबा, मी दिवसभर औषधांची नावं वाचते. त्यामानानं हे फारच सोपं आहे."

तिथंच आमचा लढवय्या गारद झाला! पण भाऊ अडून बसले. बाकी सगळं मान्य, एकच अट. "लग्नात मुलींची नावं बदलतातच ना? मानसीचं नाही बदलायचं, जावयाचं बदलू. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे आणि नवं नाव लिहायचं. ओंकार. विषय संपला."

ऑर्टविन कात्रीत सापडला. मुलगी सोडवत नव्हती आणि नावही सोडवत नव्हतं.

अण्णा तर पेटलेच. "चीफला शब्द दिलाय मी! त्याला विचारल्याशिवाय नाव बदलायचं नाय!"

मग काय, दाजींनी चीफला शोधायला घेतलं. अण्णांच्या जुन्या बोटवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातल्या एकाकडे चीफच्या मुलीचा नंबर निघाला. वर्कशॉपमध्येच व्हिडिओ कॉल लावला. सगळी मशिनं बंद. स्क्रीनवर एक अगदी म्हातारा माणूस. अण्णा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले आणि बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाले, "चीफ ऑर्टविन सर! युवर ऑइलमन!"

म्हातारा ओळखून हसला. मग हात हलवत म्हणाला, "ऑर्टविन कसला! मला सगळे पीटर म्हणतात. ते नाव बोटीच्या कागदांवर होतं तेवढंच. लहानपणी पोरं इतकी हसायची, की मी ते केव्हाच सोडून दिलं."

अण्णांनी ऑर्टविनला पुढे ओढून दाखवलं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, आणि कितीदा तरी "सॉरी" म्हणाला. मला फार वाईट वाटलं. अण्णांचं, आणि त्या म्हाताऱ्याचंही.

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग ऑर्टविनला म्हणाले, "बदल रे बाबा. ज्याचं होतं त्यानंच टाकलान. आता आपण कुणासाठी धरून बसायचं?"

ऑर्टविन "हो" म्हणाला आणि जाऊन इंजिनाखाली आडवा झाला. त्या इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

* * *

लग्न झोकात झालं. अख्खा मिरकरवाडा हॉलमध्ये. लक्ष्मीपूजनाला भटजींनी ताट मागवलं, तांदूळ पसरले, सोन्याची अंगठी ठेवली. भाऊ पेढ्यांचा बॉक्स घेऊन तयार. अण्णा मागच्या रांगेत खाली मान घालून बसलेले. आम्ही वर्कशॉपवाले उगाचच उभे.

भटजी म्हणाले, "रिवाज असा, की नवऱ्यानं बायकोचं नाव लिहायचं. इथं नाव नवऱ्याचं बदलायचंय. मग लिहिणार कोण?"

"मी," मानसी म्हणाली.

तिनं ताट पुढ्यात ओढलं, अंगठी उचलली आणि सावकाश, काना-मात्रा नीट देत लिहिलं. भटजींनी वाकून मोठ्यानं वाचलं, "ऑर्टविन."

भटजी गोंधळले. भाऊंचा पेढ्यांचा हात तसाच वर राहिला.

"अगो, हे तर जुनंच नाव!" भाऊ म्हणाले.

"जुनं त्यांच्या बाबांनी ठेवलेलं," मानसी हातावरचे तांदूळ झटकत म्हणाली. "हे मी ठेवलं. वाटा पेढे!"