फकरुद्दीनच्या दाराचा रंग

मुळशीत हल्ली एक नवंच खूळ निघालंय. हिंजवडीत नोकरी करणारी माणसं घोटावड्याकडे जुनी घरं घेतात आणि दारांवरचा रंग काढून आतलं लाकूड उघडं करून मागतात. कुणाच्या तरी आजोबांनी हौसेनं लावलेला ऑइलपेंट हे तितक्याच हौसेनं सोलून घेतात. असू दे बापडे. त्यांच्या खुळावर फकरुद्दीनचं घर चालतं.

त्याचं हत्यार म्हणजे हीट गन. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखी, पण तिची हवा अशी की जुना रंग फुगून वर येतो. मागून पत्ती घातली की सालपटं निघतात. गन एका जागी थांबवायची नाही, एवढाच काय तो नियम. थांबली की लाकूड जळालंच. हे त्यानं इतक्यांना बजावलं होतं की लोक त्याची नक्कल करून दाखवायचे.

त्याची बायको कमरबी चार दिवसांच्या तापानं गेली. मयतीला फकरुद्दीनच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. चाळिसावा झाला तरी नाही. तो वेळेवर जेवत होता, कामावर जात होता, पाठ टेकली की झोपत होता. बाई गेली आणि ह्याला काहीच नाही, असं लोक बोलले. बोलणाऱ्यांचं काय, त्यांना बोलायला काहीतरी लागतंच. पण आता त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं तिच्यावर माया होती की नुसती सवय, हेच त्याला कळेना. आत चाचपून पाहिलं तर हाताला काही लागत नव्हतं.

मुलीचं, जन्नतचं लग्न आई असतानाच ठरलं होतं. रविवारी तिच्या सासरची माणसं घरी यायची होती.

"लोकांची दारं चकाचक करता अब्बा," ती म्हणाली, "आपल्या दाराचं बघा की तेवढं. लाकूड काढा आन पॉलिश मारा."

फकरुद्दीननं तोंडाला फडकं बांधलं आणि गन सुरू केली.

त्या दारावर दर ईदेला नवा रंग चढायचा. कामावरून उरलेले डबे आणून ठेवायचे हे त्याचं काम, त्यातला निवडायचा हे कमरबीचं. ब्रशही तीच मारायची. वरचा पिस्ता निघाला, त्याखाली शाळेच्या बाकांचा निळा आला, मग देवळाच्या कठड्याचा शेंदरी. तो तिनं निवडला तेव्हा शेजारीपाजारी कुजबुजले होते. "लांबनं दिसतंय दार," एवढंच ती म्हणाली होती.

"ह्यो अम्मीनं गेल्या साली लावलेला," जन्नत खाली पडलेलं पिस्ता रंगाचं सालपट उचलून म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला आणि पत्ती पुढं घातली.

शेवटी तळाचा जांभळा राहिला.

"ह्यो कवाचा?"

"तू जन्मायच्या आदीचा."

त्या जांभळ्याकडे तो बघत राहिला. आता तरी काहीतरी दाटून यावं म्हणून तो वाट पाहत होता. आलं काहीच नाही. धूर आला. जन्नतनं धावत जाऊन प्लग उपटला तेव्हा लाकडावर तळहाताएवढा काळा डाग पडला होता. दुसऱ्या कुणाच्या दारावर असं त्याच्याकडून आजवर झालं नव्हतं.

"आता पॉलिश न्हाई चालायचं," परक्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यानं पोरीला सांगितलं. "रंगच द्यावा लागंल."

घरात एकही उरलेला डबा नव्हता, म्हणून तो नरहरीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. नरहरीनं शेड कार्ड उघडून पुढं ठेवलं.

"कंचा देऊ, फकरूभाई?"

फकरुद्दीन कार्डावर बोट फिरवत राहिला. सगळा जन्म रंगात गेला, पण रंग निवडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"घरी इचारून सांगतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

कमरबीच्या मयतीला नरहरी स्वतः गेला होता. कार्ड त्यानं तसंच उघडं ठेवलं.

फकरुद्दीन झपाझपा घराकडे निघाला. पोपटी सांगितला तर ती तोंड वाकडं करील, निळा तर होऊन गेलाय, असं त्याचं मनातल्या मनात चाललं होतं. दारात जन्नत उभी होती.

"कुटला आणला, अब्बा?"

"आगं, तुज्या अम्मीला इचारून..."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. शेजारची माणसं बाहेर आली. जन्नतनं त्यांना हातानंच थांबवलं आणि बापाला रडू दिलं.