तिपदरी फ्यूज

माझं शिक्षण झालं ते ताईच्या चुलीवर. उमरेडची शाळा संपवून मी नागपूरला इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा ताई-भाऊजींनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. भाऊजी विणकर. गल्लीतली सगळी घरं विणकरांची, अरुंद आणि लांबच लांब. पुढे माग, मध्ये स्वयंपाक आणि पार मागे एक बिनखिडकीची खोली. विजेचं मीटर दर्शनी दाराशी. तिथून एक बारीक, दुपदरी पीळ दिलेली तार लाकडी आढ्याला धरून मागच्या खोलीतल्या दिव्यापर्यंत गेलेली होती. वर्षानुवर्षं तिच्यावर तेवढा एक दिवाच होता.

सत्तरच्या दशकातल्या ज्या हिवाळ्याचं मी सांगतो आहे, तेव्हा मी पदवी घेऊन नुकताच मोकळा झालो होतो आणि जवळच एक भाड्याची खोली घेतली होती. ताई दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. सव्वा महिना तिनं मागच्या खोलीबाहेर पडायचं नाही आणि सकाळ-दुपार शेक घ्यायचा, असा त्या घरचा रिवाज होता. पहिल्या खेपेला खाटेखाली कोळशाची शेगडी असे. त्या धुरानं थोरलं पोर दोन वर्षं खोकत राहिलं. म्हणून या वेळी भाऊजींनी हौसेनं विजेची शेगडी आणली आणि दिव्याच्याच तारेला जोडून दिली.

त्या दुपारी मी भाऊजींच्या मागाजवळ बसलो होतो. डोक्यावरचा दिवा लख्ख होता. तेवढ्यात मागच्या खोलीकडे नजर गेली. दाराच्या फटीतून येणारा तिथला उजेड एकाएकी पिवळा पडला आणि तसाच राहिला.

"काहून गा इंजिनेर, काय पाहून राहिला? नजर लागंन दिव्याले," भाऊजी म्हणाले.

"तिकडचा दिवा असा पिवळा काहून पडला, भाऊजी?"

"शेगडी लावली न मायनं. शेकाची वेळ आहे."

"मंग फ्यूज कसा नाही उडत?"

भाऊजींचा धोटा थांबला. ते खुशीत हसले. "उडे न! पहिले रोज उडे. मंग मी त्याची तार तिपदरी केली. पीळ असा दिला का आता तुटते का पाहा!"

मी उठून मीटरजवळचा फ्यूज पाहिला. चिनी मातीच्या खाचेत तीन तारा एकमेकींत इतक्या सुबक वळल्या होत्या, की एखाद्या किनारीचं सूतच वाटावं. जन्मभर त्या हातांनी तुटणाऱ्या सुताला आणखी एक पदर दिला होता. तुटण्यासाठीच ठेवलेली वस्तू त्यांनी कधी हाताळलीच नव्हती.

मी मनात हिशेब मांडला. शेगडी दोन हजार वॅटची, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. ती तार जेमतेम तीन अँपिअरची. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, म्हणून घराची लांबी दुप्पट धरायची. उत्तर आलं. शंभरातले सहा-सात भाग व्होल्टेज शेगडीपर्यंत पोचतच नव्हतं. परीक्षेत आम्ही त्याला व्होल्टेज ड्रॉप लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळत असू. पण ते व्होल्टेज नाहीसं होत नाही. तारेत उष्णता होऊन बसतं. आणि त्या तारेवर, आढ्याच्या खुंट्यांना, रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत टांगल्या होत्या. थेट ताईच्या दारापर्यंत.

"भाऊजी, शेगडी बंद करा. मागं जोर कमी पोचून राहिला, तार तापली."

"आं? करंट कमी येते म्हणतेस, मंग तार गरम कशी होईन?"

"कमी येते, कारण बाकीचा जोर तारेतच जळून राहिला."

ताईच्या सासूबाई हातात तेलाची वाटी घेऊन खोलीच्या दाराशी आल्या. "शेक बंद नाही होत बापा. ओल्या बाळंतिणीले वारं लागलं त कोण निस्तरंन? तू का तुह्या पुस्तकातलं यंत्र?"

"मावशी, या तारेवर आग लागंन. ताईले बाहेर यायले दुसरी वाटच नाही."

"इतक्या दिवसांत नाही लागली न?"

मी स्टूल ओढून चढलो आणि दाराजवळची एक लड उचलली. खालच्या बाजूनं सूत तपकिरी झालं होतं. चिमटीत धरलं तर तुकडे झाले. जळक्या रबराचा वास आला. मी ते भाऊजींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चुरलं, पण त्यांचं बोलणं बदललं नाही.

"आजच्यापुरतं चालू दे. लडी काढतो मी. उद्या जाड तार आणू."

ते बहिणीचं सासर होतं. तिथल्या फ्यूजला हात लावण्याचा हक्क मला नव्हता. शेगडी आत भणभणत होती.

खोलीचं दार सरकलं. डोक्याला फडकं बांधलेली ताई बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती.

"सूनबाई! कुठं निघाली वं?"

"पुढं. मागापाशी."

"सव्वा महिना झाला नाही अजून!"

"मले वारं लागलं त लागू द्या, माय. ही तार डोक्यावर ठेवून मी झोपणार नाही." ती माझ्याकडे न पाहता, भिंतीला हात धरत, हळूहळू पुढच्या खोलीपर्यंत चालत गेली.

ज्यांच्यासाठी शेगडी होती, ते दोघं आत उरलेच नाहीत. भाऊजींनी स्वतःच फ्यूज ओढून काढला. मग आम्ही दोघांनी तार उतरवली. खोलीबाहेरच्या लांबीवर रबर मऊ झालं होतं. खोलीच्या आत, खाटेच्या बरोबर वर, ते गळूनच गेलं होतं आणि हातभर तांबं उघडं पडलं होतं. दोन्ही तारांमध्ये सुपारीएवढंही अंतर नव्हतं.

मी महाल भागातल्या बाजारातून जाड, सात पदरांची तार आणली. वीस नंबरच्या सात तारा, म्हणून दुकानात तिला सात-वीस म्हणत. शेगडीसाठी ती मीटरपासून वेगळी ओढली आणि दिव्याच्या फ्यूजला एकच बारीक पदर लावला. तोवर संध्याकाळ झाली होती. मावशींनी शेगडीला हात न लावता चुलीवर विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि मागाशेजारी निजलेल्या ताईच्या कमरेला लावल्या. दर्शनी दाराला त्यांनी घोंगडी टांगली होती. तरीही खालून वारा येत होता. बाळ शिंकलं, तशी मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस मी रोज त्या घरी गेलो. आत पाय टाकताच आधी बाळाचा श्वास ऐकत असे.