पेन्सिलीने लिहिलेला ‘र’

शनिवार, १४ जून. दुपारी चार ते पाच. स्थळ: रसायनशास्त्र विभागाची लहान खोली, कारण तिथला कूलर चालतो.

हजर: मी. बडेबाबू, म्हणजे आमच्या ऑफिसचे मुख्य लिपिक, लॅपटॉपसह. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झालेली एक मुलगी. तिचे वडील. गैरहजर: गणिताचे सर, घरी लग्न.

माझ्या वहीत नोंद एवढीच आहे. मी सगळ्याच गोष्टी लिहून ठेवते. घरी फ्रीजवर एक यादी असते, पर्समध्ये दुसरी आणि कॉलेजच्या टेबलावर ही जाड वही. नवरा म्हणतो, तू लग्नाच्या पंगतीतही हजेरी घेशील. घेतली आहे, एकदा. वाढपी कमी पडले होते.

आता बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी तीन विषय सारखे शिकायचे असतात. आमच्याकडे भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर निवडायचा, एक मायनर. मेजर म्हणजे पुढची सगळी वर्षं ज्याच्यासोबत काढायची तो; मायनर नुसता जोडीला. मुलांनी हे एकट्याने करू नये, प्रत्येकाला शिक्षकासोबत दहा मिनिटं मिळावीत, असं बैठकीत ठरलं. असं काही ठरलं की ते काम माझ्याकडे येतं.

मी तयारी नीट केली. चौसष्ट नावं, प्रत्येकापुढे वार आणि वेळ, तिन्ही विषयांचे गुण. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने एक एक अक्षर: भौ, र किंवा ग. ज्या विषयात गुण जास्त, त्याचं अक्षर. हे फक्त माझ्यासाठी होतं. दहा मिनिटांत बोलणं कुठून सुरू करायचं ते कळावं, इतकंच.

आठवडा फार सुरळीत गेला. मुलं वेळेवर येत, विषय सांगत, बडेबाबू तो विद्यापीठाच्या पोर्टलवर भरत. त्रेसष्ट जणांपैकी एकोणसाठ जणांनी मी लिहिलेलाच विषय सांगितला. चोवीस वर्षं शिकवल्यावर मुलं कळतात, असं मी मनाशी म्हणत होते. एका दुपारी तर नवऱ्याला फोन करून सांगितलंही.

शनिवारी शेवटची चौसष्टावी मुलगी आली. घर उमरेडचं. घरी पूर्वी हातमाग होते. आता वडील सीताबर्डीत कापडाच्या दुकानात उभे असतात, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

“काय ठरवलंस?” मी मुलीला विचारलं.

“केमिस्ट्री.”

माझ्या कागदावर ‘र’ होताच. रसायनात एक्क्याऐंशी, गणितात अठ्ठावन्न. बडेबाबूंनी टाइप करायला बोटं उचललीसुद्धा.

“का बरं?” हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारत होते. बहुतेक जण ‘आवडते मॅडम’ म्हणत आणि मी पुढे जात असे.

मुलगी वडिलांकडे पाहू लागली.

“बोल ना वं. मॅडम विचारून राहिल्या,” वडील म्हणाले.

शेवटी तेच म्हणाले, “मॅडम, तुमीच तं बोर्डावर लिवलं ना. मंग आता काहून विचारून राहिल्या?”

“मी काय लिहिलं?”

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि एक फोटो शोधून माझ्यापुढे धरला. सूचनाफलकावर माझी यादी. नावं, वेळा, गुण आणि शेवटच्या रकान्यात माझ्याच हातची अक्षरं. झेरॉक्समध्ये पेन्सिल शाईपेक्षाही काळी उठली होती.

“मी दुकानात सांगतलं, कॉलेजनं पोरीले केमिस्ट्री देली म्हणून,” ते म्हणाले. “पेढेबी वाटले.”

मी बडेबाबूंकडे पाहिलं.

“माह्याकडे काय पाहता?” ते म्हणाले. “तुमीच म्हणाल्या, बाबू, हे वेळापत्रक लावून द्या. मी लावलं. आता तुमचं अक्षर खोडाची हिंमत या कॉलेजात कोणाची आहे जी?”

खरं होतं. कागद मीच दिला होता. आठवडाभर त्या फलकावरून दिवसातून चारदा गेले, पण थांबून वाचला नाही. स्वतः केलेली यादी काय वाचायची. आणि माझे ते अचूक अंदाज! मुलं मला माझंच अक्षर वाचून दाखवत होती.

मी माझा कागद उलटा ठेवला. “हा फलकावर नसता, तर काय सांगितलं असतंस?”

“गणित,” ती म्हणाली. इतकं पटकन, की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं.

“गणितात तुले अठ्ठावनच आहे ना माय,” वडील हळूच म्हणाले.

“माहीत आहे बाबा.” मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, राग नका मानू. केमिस्ट्री मी पाठ करते. पेपर झाला की डोक्यातून जाते. गणित सुटलं नाही तर ते जातच नाही. स्वयंपाक करतानाही तेच चालू राहते.”

“म्हणून दोनदा कुकर जळाला,” वडील म्हणाले. “तिच्या आईले वाटे, पोरगी कोणाच्या तरी नादी लागली.”

बडेबाबू हसले. मुलगीही हसली. मीही हसले, पण खोटं कशाला सांगू, जरा लागलं. रसायन माझा विषय. तिचे ते एक्क्याऐंशी गुण मी माझ्या खात्यात धरले होते.

वडिलांचा प्रश्न मात्र सरळ होता. “केमिस्ट्रीवाल्याले एमआयडीसीत काम भेटते म्हणते लोक. गणितवाल्याले काय भेटते?”

मी माहीत होतं ते सांगितलं. बी.एड., सांख्यिकी, बँकेच्या परीक्षा, कॉम्प्युटरकडे वळता येतं. यातलं काहीही आपोआप मिळत नाही, रसायनातही मिळत नाही. अठ्ठावन्नवर बसून चालणार नाही, पुढचं गणित याहून कठीण आहे. रसायन मायनर म्हणून ठेवता येईल, म्हणजे तो रस्ता अगदी बंद होणार नाही.

“हिले जमन का पण?”

“ते मला सांगता येणार नाही,” मी म्हणाले. “एकदा सांगून बसलेच आहे.”

समोरच्या टेबलक्लॉथची कड वडिलांनी दोन बोटांत धरली होती आणि विणकर माणूस पाहतो तशी उगाच चाचपत होते.

“माह्या बापानं मले चौदाव्या वर्षी मागावर बसवलं,” ते म्हणाले. “वाईट नाही केलं त्यानं. पण विचारलं नाही.” मग मुलीकडे न पाहता: “भर वं, तुले जे भराचं ते. पेढे वाटले तं वाटले.”

“पोर्टल पाचले बंद होते,” बडेबाबू म्हणाले. “सात मिनटं आहेत. आता कोणी बालपणीच्या आठवणी काढू नका.”

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. मेजर गणित, मायनर रसायन. शेवटचं बटण तिने स्वतः दाबलं. वडिलांनी पडद्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

ते गेल्यावर मी चहा मागवला नाही. बसून हिशेब केला. एकोणसाठ मुलं माझ्या अक्षराशी जुळली होती. त्यातल्या किती जणांनी निवडलं होतं आणि किती जणांनी फक्त ऐकलं होतं? पोर्टल बंद झालं तरी भरलेला विषय बदलायला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत होती. मी नवीन यादी केली. नाव आणि फोन, दोनच रकाने.

रोज कॉलेज सुटल्यावर फोन लावत गेले. बरेच जण म्हणाले, नाही मॅडम, हेच पाहिजे होतं. त्यातल्या कोणाला काय पाहिजे होतं ते फोनवर कळत नाही, पण निदान मी विचारलं. एक आई रागावली: “आता पक्कं झालं ना जी, पोराच्या डोक्यात नवीन काई भरून नका देऊ.” पाच जणांनी विषय बदलले. एकाने भौतिकशास्त्रावरून गणित केलं आणि दोन दिवसांनी पुन्हा भौतिकशास्त्र. त्यालाही मी हो म्हटलं.

अठ्ठावन्न नावांपुढे खूण झाली. एक राहिलं. कन्हानची एक मुलगी, मेजर रसायन. फॉर्मवरचा नंबर शेजारच्या काकूंचा होता. काकू दोनदा म्हणाल्या, सांगते. नंतर फोन उचलेनात. कन्हान काही परदेशात नाही, मी जाऊन येऊ शकले असते. शुक्रवारी प्रवेशाची गर्दी होती. मी गेले नाही.

आता दिवाळीची सुट्टी संपून वर्ग सुरू झाले आहेत. उमरेडची मुलगी गणिताच्या पहिल्या चाचणीत काठावर पास झाली, दुसरीत बरी. मायनरच्या तासाला ती माझ्याकडे असते आणि वहीच्या मागच्या पानावर भलतंच काहीतरी सोडवत असते. मी दुसरीकडे पाहते.

कन्हानची मुलगी रसायनाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते. कधी गैरहजर नसते, कधी प्रश्न विचारत नाही, गुण चांगले घेते. ऑफिसात चौकशी केली आहे: वर्षअखेरीला मेजर बदलता येतो, राहिलेले पेपर द्यावे लागतात. म्हणजे विचारायला अजून अर्थ आहे. जूनपासून तिला मी उपकरणं धुण्याबद्दल, जर्नलबद्दल, बसच्या पासबद्दल विचारलं आहे. ‘तुला नक्की काय शिकायचं होतं?’ एवढं अजून विचारलेलं नाही. उद्या अकरा वाजता तिचं प्रात्यक्षिक माझ्याकडेच आहे.