दोन्ही जोड अडतीस नंबरचे

नगरहून अकोल्याला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीने कडा चढायच्या बुटांचे दोन जोड काढले. कंपन्या वेगळ्या, नंबर एकच, अडतीस. उद्याच्या चढाईसाठी त्यातला एक निवडायचा होता.

एकात पाय सहज गेला. दुसऱ्यात तिने तो दात-ओठ खात कोंबला आणि सीटच्या लोखंडी पट्टीवर अंगठ्याच्या टोकाने उभी राहिली.

"सैल असलेला घाल की गं," पुढची बाई म्हणाली.

"मावशी, आत पाय फिरला की मी खालीच! नंबर बरोबर हाय, पन त्या कंपनीला माझा पाय कळलाच न्हाई."

सगळे हसले. कंडक्टरने मला विचारलं, "लेक का तुमची?"

मी ताठ मानेनं "हो" म्हणालो. घरच्या लेकीबद्दल तसं म्हणणं मला कधीच जमलं नव्हतं.